पहाऱ्याची परीक्षा, पहारेकऱ्याची नव्हे

पालघर तालुक्यातील घिवली हे मच्छीमारांचे गाव तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या शेजारी वसलेले आहे. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच वर्षी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची स्थापना झाली आणि आज या केंद्राच्या फाटकावर व कुंपणावर त्याच दलाचे जवान उभे असतात. पुढे २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या आणखी दोन अणुभट्ट्यांची येथे भर पडली. पूर्वेस थोड्या अंतरावर बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांच्या दारांवर खाजगी संस्थांचे पहारेकरी दिवसपाळी-रातपाळी करीत असतात. पश्चिमेस समुद्र, आणि त्यावर नजर ठेवावयास नौदल, तटरक्षक दल व सागरी पोलीस. अशा रीतीने या लहानशा टापूत पहारा हाच एक मोठा व्यवसाय होऊन बसला आहे. मात्र हा पहारा प्रसंगी उपयोगी पडेल काय, या प्रश्नाचे उत्तर जवानांची संख्या किंवा खर्चाचे आकडे पाहून मिळत नाही. ते मिळविण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे : कोणीतरी तो पहारा भेदण्याचा प्रामाणिक प्रयत्न करून पाहणे.

पदरचे पैसे मोजून आपल्याच घरी चोर बोलवावा, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु पाश्चात्त्य देशांत तो एक रीतसर व्यवसाय झाला आहे. बँका, न्यायालये, संगणकीय माहितीची कोठारे, वीजकेंद्रे यांचे चालक तज्ज्ञांशी करार करतात. हे तज्ज्ञ ठरलेल्या मुदतीत इमारतीत शिरण्याचा प्रयत्न करतात, शिरता आल्यास त्याचा पुरावा ठेवतात आणि कोणत्या फटीतून शिरलो याचा अहवाल मालकास देतात. त्यांच्या अनुभवाचे सार असे की, भिंतीवरून उडी मारण्याची वेळ सहसा येतच नाही. डोक्यावर हेल्मेट, हातात कागदांची फाईल आणि चेहऱ्यावर घाईचा भाव एवढे भांडवल पुष्कळ ठिकाणी पुरते. पुढे चाललेला कामगार सौजन्याने दार धरून ठेवतो आणि मागचा परका माणूस त्याचे आभार मानून आत जातो. पाळी बदलण्याच्या वेळी बोईसरच्या कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या दाराशी जी गर्दी उसळते, तिच्यात कंत्राटी मजूर, टँकरचे चालक, दुरुस्तीची माणसे आणि भंगाराचे टेंपोवाले एकत्र आलेले असतात. तेथे आवक-जावक नोंदवहीतील सही ही बहुधा औपचारिकताच ठरते, हे सांगावयास परदेशी तज्ज्ञ नको.

लाल दल आणि निळे दल

आपल्याकडे ही पद्धत अगदीच अपरिचित आहे असे नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले आणि त्यांनी १६६ जणांचे प्राण घेतले. ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून ते मुंबईजवळ आले व रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीशी उतरले. किनारपट्टीच्या संरक्षणासाठी उभी असलेली सारी यंत्रणा त्या रात्री जागच्या जागी होती; फक्त ती कधी कसाला लागली नव्हती. त्यानंतर समुद्रकिनाऱ्याच्या राज्यांत ‘सागर कवच’ नावाचे सराव नियमित होऊ लागले. लाल दलाचे जवान अतिरेक्यांच्या वेषात मासेमारी बोटींतून किनाऱ्यावर उतरण्याचा आणि महत्त्वाच्या ठिकाणी नकली स्फोटके नेऊन ठेवण्याचा प्रयत्न करतात. निळ्या दलाने त्यांना अडवावयाचे असते. जानेवारी २०१९ पासून नौदलाच्या पुढाकाराने ‘सी व्हिजिल’ हा संपूर्ण देशाच्या किनाऱ्यावरचा सराव सुरू झाला. २०२१, २०२२ आणि २०२४ सालीही तो झाला. तारापूरसारखे केंद्र ज्या किनाऱ्यावर आहे त्या पालघर जिल्ह्यात अशा सरावांना केवढे महत्त्व आहे, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

म्हणजे शासनाने समुद्राच्या बाजूने हे तत्त्व मान्य केलेले आहे. कारखान्यांच्या बाबतीत मात्र ते अर्धवटच मान्य झाले आहे. भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर कायदे कडक झाले. १९८९ साली केलेल्या घातक रसायनांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी आणीबाणीची रंगीत तालीम घ्यावी लागते. भोंगा वाजतो, कामगार ठरलेल्या जागी जमतात, घड्याळ लावून वेळ मोजली जाते. वायू गळला तर काय करावयाचे, याची तालीम अशी सक्तीची आहे. परंतु ज्या टाकीतून तो गळावयाचा, तिच्यापर्यंत परका माणूस जाऊ शकतो काय, याची परीक्षा कोणी घेतलीच पाहिजे असे बंधन नाही. खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या कायद्यात संस्थेने परवाना घ्यावा, रक्षकांना प्रशिक्षण द्यावे अशा तरतुदी आहेत. पण ज्या जागेचा पहारा होतो ती जागा प्रत्यक्षात सुरक्षित आहे की नाही, हे आजमावण्याची अशी सक्ती त्यात नाही.

न दिसणारी गुणवत्ता

याची कारणे अर्थशास्त्रीय आहेत. धान्य घेणारा मूठभर दाणे हातात घेऊन पाहतो. कापड घेणारा पोत चाचपून पाहतो. पहारा विकत घेणाऱ्यास असा नमुना पाहता येत नाही. वर्षभर चोरी झाली नाही, तर पहारा चोख होता म्हणून झाली नाही, की कोणी चोरी करावयास आलाच नाही म्हणून, हे त्याला कळावयाचे कसे? जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, ज्या वस्तूची गुणवत्ता विकणाऱ्याला ठाऊक असते पण घेणाऱ्याला ओळखता येत नाही, त्या वस्तूच्या बाजारात चांगला माल हळूहळू मागे पडतो आणि सुमार माल उरतो. या सिद्धांताच्या कार्याबद्दल त्याला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पहाऱ्याच्या बाजाराला तो तंतोतंत लागू पडतो. गुणवत्ता ओळखता येत नसेल तर ग्राहक किंमत पाहतो, आणि कंत्राट सर्वांत कमी दराच्या निविदेला जाते. दर कमी करावयाचा तर पगार कमी करावा लागतो, पाळी लांबवावी लागते, प्रशिक्षण कागदावर उरकावे लागते. गणवेश मात्र कडक इस्त्रीचा असतो, कारण दिसणारी गुणवत्ता तेवढीच असते.

महाराष्ट्राने १९८१ साली सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा करून त्यांच्यासाठी मंडळे स्थापण्याची तरतूद केली, ती याच शोषणाला आळा घालण्यासाठी. त्याचा लाभ पुष्कळांना झाला. तथापि वेतनाची हमी आणि पहाऱ्याची हमी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरी मिळवावयाची तर मालाचा नमुना तपासण्यासारखी काहीतरी सोय हवी. तज्ज्ञाकडून करवून घेतलेला शिरकाव ही ती सोय होय. न दिसणारी गुणवत्ता ती दिसती करते आणि चांगल्या सुरक्षा संस्थेला आपला जास्त दर समर्थनीय ठरविण्याची संधी देते. या दृष्टीने पाहिले तर अशी परीक्षा ही पहारेकऱ्याची शत्रू नसून मित्र ठरावयास हवी. प्रत्यक्षात तसे का होत नाही, हाच या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

रायगडचा धडा

महाराष्ट्राच्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले आढळते. रायगडाचे बांधकाम पुरे झाल्यावर शिवाजी महाराजांनी दरबार भरविला आणि ठरलेल्या वाटेने न येता, शिडी किंवा दोर न वापरता जो कोणी गडावर चढून येईल त्याला सोन्याच्या नाण्यांची थैली व सोन्याचे कडे देण्याचे जाहीर केले, अशी आख्यायिका आहे. एक महार वीर निशाण घेऊन कडा चढून वर आला. महाराजांनी त्याला कबूल केलेले बक्षीस दिले आणि तो ज्या वाटेने आला ती वाट बंद करविली. हिरकणीची कथा तर घरोघर ठाऊक आहे. गडाचे दरवाजे मिटल्यावर घरच्या तान्ह्या बाळासाठी ती गवळण रात्री कडा उतरून गेली. तिचा गौरव झाला आणि त्या जागी बुरूज उभा राहिला.

या कथांतील ऐतिहासिक अंश किती, हा संशोधकांचा प्रश्न. त्यांतील विवेक मात्र विचारात घेण्यासारखा आहे. दोन्ही कथांत गडाची उणीव उघड झाली. दोन्हींत ती दाखविणाऱ्याला मान मिळाला. दोन्हींत उणीव भरून काढण्याचा खर्च राजाने सोसला. आणि त्या रात्री पहाऱ्यावर कोण होता, त्याची गर्दन मारली काय, याबद्दल दोन्ही कथा मौन पाळतात. कडा चढता-उतरता येत होता, हा दोष कड्याच्या रचनेचा होता. तिथून शंभर हात दूर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचा नव्हता. परीक्षा पहाऱ्याची होती, पहारेकऱ्याची नव्हती. हा भेद ज्याने ओळखला त्यालाच अशा परीक्षेतून सत्य हाती लागते.

परीक्षेची पेपरफुटी

हा भेद विसरला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने पुरविले आहे. तेथील अणुवीज केंद्रांवर नकली हल्ले करून पहारा तपासण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून आहे आणि २००५ च्या कायद्याने अशी परीक्षा तीन वर्षांतून निदान एकदा सक्तीची केली. परंतु २००४ साली हा नकली हल्ला करणाऱ्या दलाचे कंत्राट वाकेनहट या कंपनीला मिळाले, आणि देशातील जवळजवळ निम्म्या अणुवीज केंद्रांवर पहारा ठेवण्याचे काम त्याच कंपनीकडे होते. विद्यार्थी आणि परीक्षक एकाच घरचे झाले. त्याच वर्षी तेथील ऊर्जा खात्याच्या महानिरीक्षकांनी ओक रिज येथील वाय-१२ या अण्वस्त्रसामग्रीच्या कारखान्याविषयी अहवाल दिला. जून २००३ मधील परीक्षेपूर्वी हल्ल्याचे आराखडे पहारेकऱ्यांना दाखविण्यात आले होते, असे त्यात आढळून आले. ज्याला आपण पेपरफुटी म्हणतो, तीच ही.

तिचा परिणाम उघड व्हावयास नऊ वर्षे लागली. २८ जुलै २०१२ च्या पहाटे ८२ वर्षांची एक जोगीण आणि तिचे दोन शांततावादी सहकारी हाती तार कापण्याची पक्कड घेऊन त्याच वाय-१२ मध्ये शिरले. एकामागून एक कुंपणे कापीत ते समृद्ध युरेनियमच्या कोठारापर्यंत पोचले, तेथील भिंतीवर त्यांनी घोषणा रंगविल्या आणि पहारेकरी येईपर्यंत ते वाट पाहत थांबले. चौकशीत असे दिसून आले की, काही कॅमेरे महिनोन्महिने नादुरुस्त होते आणि खोट्या इशाऱ्यांची घंटा इतक्या वेळा वाजत असे की तिच्याकडे लक्ष देण्याची सवयच मोडली होती. पुढे पहाऱ्याच्या कंपनीचे कंत्राट गेले हे खरे. परंतु त्या आधी नोकरी गेली ती जो पहारेकरी सर्वप्रथम घटनास्थळी पोचला त्याची. कॅमेऱ्यांची दुरुस्ती काही त्याच्या हाती नव्हती.

येथे दोष केवळ व्यक्तींच्या अप्रामाणिकपणाचा आहे, असे मानून चालणार नाही. नापास होण्याची किंमत ज्याने मोजावयाची आहे, त्यालाच परीक्षेची व्यवस्था करावयास सांगितले तर पेपर फुटणारच. बोईसरच्या कारखान्यात उद्या अशी परीक्षा झाली आणि तिच्या निकालावर रातपाळीच्या माणसाला घरी पाठविण्याची प्रथा पडली, तर पुढच्या परीक्षेची कुणकुण दारावर आठवडाभर आधीच लागलेली असेल. माणसाने पोटाच्या संरक्षणासाठी उभारलेला पहारा हा मालकाच्या संपत्तीच्या पहाऱ्यापेक्षा नेहमीच जास्त जागरूक असतो.

परवानगी कोणाची?

दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या न्याययंत्रणेने नेमलेले दोन तज्ज्ञ एका जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत मध्यरात्री शिरले. धोक्याची घंटा वाजली, पोलीस आले. तज्ज्ञांनी परवानगीचे पत्र दाखविले. परंतु इमारत राज्याची नसून परगण्याची आहे, तेव्हा राज्याला परवानगी देण्याचा अधिकारच नव्हता, असे तेथील शेरीफने ठरविले आणि दोघांची रवानगी तुरुंगात झाली. त्यांच्यावरील आरोप पूर्णपणे मागे घेतले जावयास जानेवारी २०२० उजाडला. आपल्याकडे तर जमीन औद्योगिक विकास महामंडळाची, गाळा एकाचा, कारखाना भाड्याने दुसऱ्याचा आणि पहारा तिसऱ्या संस्थेचा, अशी स्थिती सर्रास असते. तेव्हा ज्याची मालकी त्याची लेखी संमती, ठराविक मुदत, स्थानिक पोलीस ठाण्यातील जबाबदार अधिकाऱ्यास गोपनीय पूर्वसूचना आणि सशस्त्र पहारा असलेल्या ठिकाणी कोणाच्याही जिवाला धोका होणार नाही अशी योजना, एवढी पथ्ये पाळल्याविना कोणी या वाटेस जाऊ नये. अणुकेंद्रासारख्या ठिकाणी तर हे काम शासकीय यंत्रणांचेच आहे आणि तेथे हौशी साहसाला मुळीच थारा असता कामा नये.

खर्चाचा आक्षेप मात्र तितकासा टिकणारा नाही. एकट्या लहान कारखान्याला तज्ज्ञ नेमणे परवडणार नाही हे मान्य. परंतु तारापूरच्या उद्योजकांची ‘टिमा’ ही संघटना आहे. अशा संघटनेने सामाईक वर्गणीतून, कोणत्याही सुरक्षा संस्थेशी लागेबांधे नसलेला परीक्षक नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार नगण्य होईल. निकाल कारखान्यापुरता गुप्त ठेवावा. सर्वांत वारंवार आढळलेल्या उणिवा तेवढ्या नावे न घेता साऱ्या सभासदांना कळवाव्यात.

घिवलीचे डोळे

तथापि कुंपण आणि फाटक यांच्यापुरतीच ही परीक्षा मर्यादित ठेवली तर तिच्यातून निम्मेच सत्य बाहेर येईल. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरविण्यात आली, ती काही कोणी कडा चढून आणली नव्हती. वाटेत माल अडविला गेला होता. लाच घेऊन तो सोडण्यात आला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत त्याच स्फोटकांनी २५७ बळी घेतले. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जणांना विशेष न्यायालयाने २००६ साली दोषी ठरविले. दरवाजा मजबूत होता, पहारेकरी जागा होता. विकला गेला होता तो त्याचा होकार. अशी फट भरून काढावयास सिमेंट उपयोगी पडत नाही. पुरेसा पगार, नोकरीची शाश्वती आणि आपल्या कामाची कोणी कदर करतो ही जाणीव, हाच तिच्यावरचा उपाय आहे.

आणि हीच गोष्ट घिवलीसारख्या गावांना लागू पडते. मुंबईत २६ नोव्हेंबरच्या रात्री होडीतून उतरणाऱ्या अनोळखी तरुणांना ‘तुम्ही कोण’ असे प्रथम हटकले ते तेथील मच्छीमार वस्तीतल्या माणसांनी. कोणती होडी आपल्या बंदराची आणि कोणती परकी, ती भरतीच्या वेळी आली की अवेळी, तिच्यावरचे खलाशी जाळे टाकतात की नुसतेच किनारा न्याहाळतात, हे ओळखावयास घिवलीच्या तांडेलाला दुर्बीण लागत नाही. बोटींना नोंदणी क्रमांक आणि रंग, मच्छीमारांना ओळखपत्रे, ‘१०९३’ हा सागरी पोलिसांचा दूरध्वनी, गावोगावची सागर सुरक्षा दले अशा पुष्कळ व्यवस्था २००८ नंतर झाल्या. त्या सर्वांचा आधार एकच आहे : मच्छीमाराने पाहावे आणि पाहिलेले सांगावे.

परंतु या पट्ट्यातील मच्छीमाराचा पहाऱ्याशी येणारा रोजचा संबंध निराळा आहे. अणुकेंद्रालगतच्या पाण्यात त्याच्या होडीला मज्जाव आहे. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने किनाऱ्याजवळची मासळी घटल्याची त्याची तक्रार जुनी आहे. नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही शेजारची गावे उठविली गेली, हे त्याने डोळ्यांदेखत पाहिले आहे. सराव असला म्हणजे कागदपत्रांसाठी त्याचीच बोट अडविली जाते आणि भरतीची वेळ टळली तर दिवसाचे डिझेल त्याच्याच पदरचे जाते. ज्याला प्रत्येक तपासणीत संशयित ठरविले जाते तो स्वखुशीने साक्षीदार कसा व्हावा? ज्या सरावामुळे त्याचा दिवस बुडतो त्याची भरपाई त्याला द्यावी. लाल दलाची बोट ज्याने ओळखून कळविली त्याला रायगडच्या रीतीने जाहीर बक्षीस द्यावे. आणि कळविलेल्या गोष्टीवर काय कारवाई झाली हे त्याला सांगण्याची पद्धत पाडावी. यासाठी येणारा खर्च एका गस्ती नौकेच्या इंधनापेक्षा फार असेल असे वाटत नाही.

पहारा ही विकत घेऊन दाराशी उभी करावयाची वस्तू आहे, या समजुतीत मूळ चूक आहे. पहारा हा माणसामाणसांतील विश्वासाचा व्यवहार आहे आणि परीक्षा ही त्या व्यवहाराची हिशेबतपासणी आहे. हिशेब तपासावयाचा तो तूट कोठे आली हे समजण्यासाठी. कारकुनाला फासावर चढविण्यासाठी नव्हे. तारापूरच्या कारखानदारांनी आणि किनाऱ्याच्या रक्षकांनी असे तपासनीस अवश्य नेमावेत, ते बाहेरचे असावेत आणि त्यांनी निर्भीडपणे शिरून दाखवावे. मात्र निकाल हाती आल्यावर पहिला प्रश्न ‘दारावर कोण होता’ हा न विचारता ‘दारावरच्या माणसाला आपण काय दिले होते’ हा विचारला जावा. तो विचारण्याची तयारी नसेल, तर परीक्षेवरचा खर्च वाचवून दाराला आणखी एक कुलूप घालणेच अधिक काटकसरीचे ठरेल.